दशावताराला चालतं ते पडद्याला का चालत नाही? वाचनालयाच्या चित्रपट मंडळाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
चित्रपट मंडळ

विषय : भडक व उथळ चित्रपट न दाखवण्याच्या ठरावाबाबत

सर आणि मंडळी,
सप्रेम नमस्कार.

हे मी खरं तर सूचनावहीतच लिहिणार होते. गेल्या मंगळवारी पुस्तक बदलायला आले तर खिडकीत वही नव्हती, नुसता पेनाचा दोरा लोंबत होता. विचारलं तेव्हा कळलं की वही कपाटात गेली आणि किल्ली कार्यकारिणीकडे. फळ्यावर मात्र नवा ठराव लागला होता. यापुढे मंडळातर्फे भडक, उथळ आणि अतिरंजित चित्रपट दाखवले जाणार नाहीत, निवड तीन जणांची उपसमिती करील, आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही.

ठरावात चित्रपटाचं नाव घातलेलं नाही, पण ते सगळ्या गावाला माहीत आहे. तो सुचवला कुणी तेही माहीत आहे. मी सुचवला. तेव्हा उत्तर देणं माझ्याकडेच येतं, आणि वही बंद असल्यामुळे ते असं चारचौघांत द्यावं लागतंय.

मी शिवणकाम करते हे तुम्हाला ठाऊक आहे, तुमच्यातल्या दोघांच्या घरचे ब्लाउज माझ्याकडेच येतात. पण पावसाळा सरला की माझं मशीन वेगळ्या कामाला लागतं. दशावताराच्या, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या आपल्या लोकनाट्याच्या, दोन कंपन्यांचे कपडे मी शिवते. राजाचे शेले, राक्षसांचे अंगरखे, आणि दरवर्षी न चुकता संकासुराचा काळा झगा, कारण तो इतका लोळतो की एका हंगामात त्याची चिंधी होते. माझे सासरे चाळीस वर्षं स्त्रीपार्ट करायचे. रात्रभर द्रौपदी किंवा तारामती, आणि उजाडलं की खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग पुसून गोठ्यात शेण काढायला. या घरात मी तीस वर्षं चमकी लावते आहे. 'भडक' हा शब्द कुणी शिवीसारखा वापरला की तो मला वैयक्तिक लागतो, हे आधीच कबूल करते.

जे त्या शनिवारी आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चित्रपट होता 'द फिफ्थ एलिमेंट', म्हणजे 'पाचवं तत्त्व', फ्रेंच दिग्दर्शक ल्युक बेसाँचा, १९९७ सालचा. जगाचा नाश टाळायला आलेली एक मुलगी आणि तिला साथ देणारा टॅक्सीवाला, अशी गोष्ट. वेळ सातची. आधी प्रास्ताविक झालं, मग आवाज येईना म्हणून वायरची शोधाशोध झाली, मग पाहुण्यांना नारळ. चित्रपट सुरू झाला तेव्हा आठ वाजले होते. मध्ये दहा मिनिटं चहा. चित्रपट १२६ मिनिटांचा आणि हॉलला दहाला कुलूप. हे गणित चौथीतल्या पोरालाही आलं असतं.

नऊ चाळीसला पडद्यावर एक निळी गायिका उभी होती. उंचच उंच, डोक्यातून नळ्यांसारख्या जटा खाली आलेल्या, मागे काचेपलीकडे अख्खा ग्रह. तिने पहिला सूर लावला आणि त्या रात्री पहिल्यांदाच हॉलमध्ये खुर्चीचासुद्धा आवाज बंद झाला. तेवढ्यात दिवे लागले. "वेळ संपली, उरलेलं पुन्हा कधीतरी." राणीचा विलाप चालू असताना धयकाल्यात, म्हणजे जत्रेतल्या दशावताराच्या रात्री, कुणी बत्ती विझवली असती तर त्या माणसाचं काय झालं असतं, ते मी इथे लिहीत नाही.

ते पुन्हा कधीतरी आलंच नाही. ठराव मात्र पुढच्या बैठकीत आला.

माझी पहिली तक्रार ही आणि एवढीच असती तरी मी पत्र लिहिलं असतं. छत्तीस मिनिटं उरलेला चित्रपट आपण न पाहता नापास केला. आणि ही छत्तीस मिनिटं साधीसुधी नव्हती. नंतर मुलाने मला ती मोबाइलवर दाखवली. ते गाणं दोनिझेत्ती या इटालियन संगीतकाराच्या १८३५ सालच्या संगीतिकेतलं, आवाज आल्बानियाच्या इन्व्हा मुला या गायिकेचा. अर्ध्यावर ते अचानक नाचाच्या ठेक्यावर येतं, आणि त्याच ठेक्यावर तिकडे दुसऱ्या खोलीत नायिका राक्षसांना लोळवते. पुढे तीच नायिका, लीलू, माणसांचा इतिहास अक्षरांच्या क्रमाने शिकत जाते. डब्ल्यूपाशी येते, युद्ध हा शब्द उघडते, त्यातली चित्रं बघते आणि कोसळते. हे असं करणाऱ्यांना मी वाचवायचं तरी कशाला, असा प्रश्न तिला पडतो. तोवर दोन तास नुसता धिंगाणा घालणारा चित्रपट तिथे येऊन थांबतो. तुम्ही 'उथळ' लिहिलंत, सर. जिथे पाणी खोल होतं तिथे पोचण्याआधीच तुम्ही होडी वळवलीत.

आता मुद्द्याचं. त्या रात्री हॉल दुभंगला हे मला मान्य आहे. चहानंतर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या झाल्या. माझ्या डावीकडे एक काका सारखे "आचरटपणा" म्हणत होते आणि उजवीकडे कॉलेजची पोरं डोळ्यांतलं पाणी पुसत हसत होती. ठरावाचा सूर असा, की हसणाऱ्यांना अक्कल कमी आणि उठून जाणाऱ्यांना जास्त. तसं असतं तर मीही दुसऱ्या दिवशी कान पकडले असते. पण हा चित्रपट त्याच्या स्वतःच्या मुलखातही असाच दुभंगवत आला आहे. मे १९९७ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाची सुरुवात याच चित्रपटाने झाली. खर्च नऊ कोटी डॉलरच्या घरात, युरोपात तोवर इतका खर्च कुठल्या चित्रपटावर झाला नव्हता. ल्युक बेसाँला याच चित्रपटासाठी फ्रान्सचा सर्वोत्तम दिग्दर्शनाचा सेझार पुरस्कार मिळाला, ब्रिटिश अकादमीने दृश्यकरामतींसाठी गौरवला, ध्वनीसाठी ऑस्करचं नामांकन झालं. आणि वर्षातल्या वाईटात वाईट कामांना जे रॅझी पुरस्कार थट्टेने देतात, त्यातही याच्या दोन कलाकारांची नावं होती. एकाच चित्रपटाला दोन्ही टोकांची बोलावणी. तिकडचे जाणकार आजही यावर भांडतात, आणि आपल्या कार्यकारिणीने ते प्रकरण वीस मिनिटांत निकाली काढलं.

दुभंगला का, हे बघण्यात मला जास्त रस आहे. मी त्यावर गेले तीन आठवडे मशीन चालवता चालवता विचार करते आहे.

एक कारण आपल्याच पाटीत होतं. फळ्यावर आपण 'विज्ञानपट' असं लिहिलं. मराठी माणसाला विज्ञानकथा म्हटली की जयंत नारळीकर आठवतात. म्हणजे खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेली गोष्ट. एक शास्त्रीय शक्यता धरायची आणि तिच्यामागून शिस्तीत चालत जायचं. आपल्या वाचनालयातलं ते कपाट मी दोनदा वाचून काढलंय. त्या तयारीने आलेल्या माणसाला हा चित्रपट म्हणजे फसवणूक वाटणारच. इथे एका धातूच्या पंजात उरलेल्या पेशींतून अख्खी बाई मिनिटाभरात उभी राहते, आणि हे कसं झालं ते सांगायची कुणाला गरजही वाटत नाही. माझ्या सासूबाईंना त्यात काही अडलं नाही. पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती केला, तेव्हा कोण विचारायला गेलं? वय अठ्ठ्याहत्तर, इंग्रजी एक अक्षर नाही, पण चित्रपट कुठल्या फडताळात ठेवायचा ते त्यांना बरोबर कळलं. पुराणाच्या. ज्यांनी तो विज्ञानाच्या फडताळात ठेवला ते चिडले. पाटी माझ्या सांगण्यावरून लिहिली गेली, तेव्हा या एका गोष्टीत चूक माझीही.

पंचमहाभूतांवरून झालेली कुजबुजही माझ्या कानावर आली आहे. पृथ्वी, आप, तेज, वायू इथवर सगळं जुळलं, आणि पाचवं आकाश यायच्या जागी नारिंगी केसांची मुलगी आली, म्हणून ही आपल्या शास्त्राची चेष्टा आहे असं म्हणणारे निघाले. अहो, चार तत्त्वं आणि वर एक पाचवं हा विचार ग्रीकांकडेही होता. फ्रेंच माणसाने तिकडचं घेतलं. त्यात आपला अपमान शोधायला फारच लांब जावं लागतं.

दुसरं कारण मोठं आहे. हा चित्रपट एका जागी बसत नाही. भीती, फार्स, प्रेम, गाणं, मारामारी, प्रार्थना, सगळं एकाच ताटात आणि तेही एकमेकांत मिसळलेलं. खलनायक झोर्ग जगाचा नाश करायला निघालेला, डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचं काहीतरी चिकटवलेलं, पाय ओढत चालणारा. विनाश कसा उपकारक असतो यावर लांबलचक प्रवचन देतो आणि तेवढ्यात त्याच्या घशात चेरी अडकते. ज्या साधूला तो धमकावत असतो त्यालाच त्याच्या पाठीत धपाटा घालून त्याला वाचवावं लागतं. हे बघून ते डावीकडचे काका म्हणाले, खलनायकाची भीतीच वाटत नाही, मग उपयोग काय? आणि सासूबाई टाळी वाजवून मोठ्याने म्हणाल्या, "गे बाय माझे, ह्यो तर आमचो संकासूर!"

मला तिथेच सगळं उलगडलं. संकासूर वेद चोरणारा दैत्य. त्याने वेद पळवले म्हणून विष्णूला अवतार घ्यावा लागतो, म्हणजे गुन्हा काही लहान नाही. पण आडदशावतारात, म्हणजे मुख्य नाटकाआधीच्या भागात, तो येतो तो काळ्या झग्यात, लालभडक जीभ लोंबवत, मालवणीतून भटजीची आणि समोर बसलेल्या सरपंचाची टोपी उडवत. त्याच मांडावर घटकेपूर्वी गणपती येऊन गेलेला असतो, सरस्वती येऊन गेलेली असते. घटकेनंतर त्याच मांडावर एखादी राणी मेलेल्या पोरासाठी रडते आणि जत्रेतल्या बाया पदर डोळ्यांना लावतात. देव, थट्टा, रडणं, युद्ध, सगळं एका रात्रीत, एका पेटीवर, एका पखवाजावर. कुणी उठून म्हणत नाही की हे नक्की गंभीर आहे की विनोदी ते आधी ठरवा. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंतची माणसं या मिसळीवर वाढली. मग तीच मिसळ पडद्यावर आली की आपण एकदम पुण्याचे परीक्षक का होतो?

आणि 'भडक' म्हणाल तर अलीकडे जत्रेच्या फलकावर 'ट्रिकसीनयुक्त दशावतार' असं मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं तेव्हा गर्दी होते. धूर निघतो, नाग फणा काढतो, बत्त्या लाल-हिरव्या होतात. मंडळातल्या निदान तिघांना मी पहाटे तीन वाजता ट्रिकसीनच्या नाटकात पहिल्या रांगेत बघितलं आहे. नावं लिहीत नाही.

भडकपणाला कारण असतं, हे मी शिवणारी म्हणून सांगू शकते. पेट्रोमॅक्सच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला राजा आणि प्रधान वेगळे दिसायला हवेत. म्हणून राजाला जर जास्त, कडा जाड, रंग एकमेकांवर ओरडणारे. जवळून बघितलं तर ते कपडे हास्यास्पदच दिसतात, मी स्वतः हसते. पण ते जवळून बघण्यासाठी शिवलेलेच नसतात. या चित्रपटाचे कपडे झाँ-पॉल गोतिए या फ्रेंच फॅशनवाल्याने केले, नऊशेच्या वर. नायकाची नारिंगी बंडी, लीलूचे नारिंगी पट्टे, पिवळी टॅक्सी, निळी गायिका. भविष्यातलं शहर दाखवायचं तर काळोख, पाऊस आणि धूर अशी तोवर पडद्यावर रीतच पडून गेली होती. याने तेविसाव्या शतकातलं न्यूयॉर्क भर दुपारच्या उन्हात दाखवलं. रस्त्यावर जशा गाड्या तशा हवेत, एकावर एक थर. काहींना ते दुकानाच्या काचेसारखं वाटलं. मला जत्रेसारखं वाटलं. दोन्ही खरं असू शकतं.

या चित्रपटाची रूपं ज्यांनी आधी कागदावर काढली ते दोघेही फ्रान्समधले चित्रकथाकार, झाँ-क्लोद मेझिएर आणि मोबियस या नावाने काढणारे झाँ जिरो. नायकाने टॅक्सी चालवावी हे मेझिएरच्या चित्रांतून सुचलं. म्हणजे चित्र आधी आणि गोष्ट त्याच्यामागून. गोष्ट पातळ आहे अशी तक्रार करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथी सांगतात तेव्हाही एकेक चित्र उचलून पुढे धरतात आणि गोष्ट त्याच्या आधाराने चालते. त्या कामासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याच वाचनालयात त्याचं कौतुक झालं होतं.

आता रुबी रॉड. क्रिस टकरने केलेला तो रेडिओवरचा सूत्रधार, चित्त्याच्या ठिपक्यांचा झगा, गळ्याशी गुलाब, आणि तोंड म्हणजे पावसातली पन्हळ. पहिल्या पाच मिनिटांत माझंही डोकं उठलं. तो किंचाळतो, थांबत नाही, दुसऱ्याला बोलू देत नाही. हॉलमधून उठून गेलेल्यांपैकी निम्मे त्याच्यामुळे गेले, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. रॅझीवाल्यांनी याच कामासाठी टकरचं नाव घेतलं होतं. ज्यांना तो सहन होतो त्यांना उरलेला चित्रपट आवडतो आणि ज्यांना होत नाही त्यांचा तिथेच संपतो. हा चवीचा भाग झाला, तिखटासारखा.

पण बाहेर जिन्यावर जे बोललं गेलं ते चवीचं नव्हतं. "बायकी आहे, पोरांसमोर असलं नको." मंडळातल्याच एका जबाबदार व्यक्तीचे हे शब्द. ज्या गावात माझे सासरे कुंकू, काजळ, गजरा लावून मांडावर यायचे आणि लोक त्यांच्या पाया पडायचे, त्या गावात हे वाक्य? रुबी रॉड नटतो, मुरडतो आणि बायका त्याच्यावर मरतात, यात नक्की काय बिघडलं ते मला कुणीतरी समजावून सांगावं. ही माझी दुसरी तक्रार. ठरावात ते वाक्य आलेलं नाही, पण अठरा वर्षांची अट त्याच्याच पोटातून आली आहे असा माझा समज आहे. चुकीचा असेल तर तसं लिहून कळवा.

गंमत म्हणजे ज्या गोष्टीवर खरोखर बोलायला हवं होतं त्यावर मंडळ एक शब्द बोललं नाही. लीलू. सगळ्या विश्वात परिपूर्ण असलेली ही बाई. तिला भाषा येत नाही, जगरीत माहीत नाही, अंगावर चार पांढऱ्या पट्ट्या, आणि तिला सगळं शिकवायला एक मध्यमवयीन टॅक्सीवाला. ती झोपेत असताना तो तिचं चुंबन घेतो. ती जागी होऊन त्याचंच पिस्तूल त्याच्या डोक्याला लावते, हे चांगलं. पण चित्रपट त्यावर हसून पुढे जातो आणि शेवटी तोच तिच्या प्रेमाचा धनी. त्या पट्ट्या कुठे टाका घालून अंगावर राहिल्या असतील याचा मी शिंपीण म्हणून विचार केला, आणि बाई म्हणून मला त्या खुपल्या. आमच्या आळीतल्या दोघी तिथेच उठून गेल्या. त्यांचं उठणं मला पटतं. मला चित्रपट आवडला आणि हे आवडलं नाही, आणि त्या रात्री कुणाशी तरी यावर भांडायची मला फार इच्छा होती. भांडायला वेळच ठेवला नव्हता. कुलूप.

अजून एक उणीव सांगते, म्हणजे मी आंधळी वकिली करते असं वाटायला नको. माप द्यायला आलेल्या आमच्या संकासुरालाही मी उरलेला भाग दाखवला. तो एरवी जन्माचा बडबड्या, पण शेवटपर्यंत गप्प बसून बघत राहिला. मग म्हणाला, "सगळा बरा आसा. पण राजा नि राक्षस समोरासमोर येवकच नाय? मगे युद्ध खंय झाला?" आणि खरंच, सबंध चित्रपटात नायक आणि झोर्ग एकमेकांना भेटतच नाहीत. एक लिफ्टने जातो, दुसरा दुसऱ्या लिफ्टने येतो. दोघांना एकमेकांचं नावही धड माहीत नसावं. काही जण यालाच चित्रपटाची हुशारी म्हणतात. संकासुराला ते पटलं नाही, आणि मलाही अर्धंच पटलं.

राहिली भाषेची तक्रार. चित्रपट इंग्रजी, खाली अक्षरं इंग्रजी आणि तीही बारीक. माझ्या मुलाने दोन पानांत मराठीत गोष्ट लिहून साठ प्रती झेरॉक्स करून आणल्या होत्या. त्या वाटल्या गेल्या नाहीत. चहाच्या टेबलावर किटलीखाली मिळाल्या, वर गोल डाग. मग ज्यांना गोष्टच कळली नाही त्यांनी धिंगाणा म्हटलं तर दोष कुणाचा? तरी ज्यांना शब्द कळले नाहीत त्यांनीही आपापली वाट काढली. त्यातल्या धटिंगण परग्रहवासीयांच्या जातीचं नाव मँगलोर असं ऐकू आलं, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "मत्स्यगंधेन इले काय रे?" मंगळूरच्या गाडीने आले का, म्हणून. सबंध हॉल हसला. सर, तुम्हीही हसलात. मी बघितलं.

आपल्या गावात थिएटर नाही. मोठ्या पडद्यावर काही बघायचं तर एसटी पकडून जावं लागतं आणि शेवटची गाडी चुकली तर स्टँडवर रात्र. महिन्यातला तो एक शनिवार हाच आमचा पडदा. मोबाइलवर सगळं मिळतं हे मला ठाऊक आहे, मी स्वतः तसंच बघितलं. पण मोबाइलवर बघताना डावीकडे "आचरटपणा" म्हणणारं कुणी नसतं आणि उजवीकडे हसणारं कुणी नसतं. सासूबाईंची टाळी नसते. तुम्ही सगळ्यांना पटणारेच चित्रपट दाखवायचे ठरवलेत तर हा पडदा हळूहळू तेवढ्याच चार खुर्च्यांचा होईल. त्या चार कुणाच्या, तेही आम्हाला माहीत आहे.

माझं मागणं फार नाही.

सूचनावही जागेवर यावी, दोऱ्यासकट. ठराव येत्या सर्वसाधारण सभेपर्यंत बाजूला ठेवावा आणि तिथे सभासदांचं मत घ्यावं. 'भडक' आणि 'उथळ' या शब्दांचा अर्थ कोण ठरवणार, हे त्या सभेत स्पष्ट व्हावं. हा चित्रपट एकदा पूर्ण दाखवावा, सातला म्हणजे सातलाच सुरू करून. ज्यांना नको त्यांनी येऊ नये, माझी काही हरकत नाही. प्रास्ताविक चित्रपटानंतर ठेवावं. त्याला पंधरा मिनिटं द्यावीत, आणि ती बोलणाऱ्या एकाला न देता बसलेल्या सगळ्यांना द्यावीत. परभाषेतल्या चित्रपटाची गोष्ट मराठीत छापून दारातच हातात द्यावी. छपाईचा खर्च मी करते. उपसमितीत निदान एक बाई आणि एक विद्यार्थी असावा. आज तिघेही निवृत्त पुरुष आहेत, सगळे मला आदरणीय, पण तिघेही एकाच बाकावरचे. आणि अठरा वर्षांची सरसकट अट काढावी. अमेरिकेत हा चित्रपट तेरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांनी विचार करावा एवढ्या सूचनेवर दाखवला गेला. आपणही फळ्यावर तशी सूचना लिहावी, पोरांचं काय ते आईबाप बघतील. धयकाल्याला मुलं मांडीवर झोपतात आणि संकासूर आला की बरोबर जागी होतात, त्याला कधी कुणी अट घातली नाही.

सासूबाई रोज संध्याकाळी विचारतात, "पुढे काय झाला गो त्या चेडवाचा?" मी सांगितलेलं नाही. त्यांना पडद्यावरच बघायचंय. हॉलचा जिना त्या चढतील, फक्त खुर्ची पुढे ठेवा.

आणि जाता जाता एक कामाचं. आपला पडदा दोन तुकडे जोडून केलेला आहे. मधोमध उभी शिवण आहे आणि ती ओढली गेल्यामुळे कुणाचाही चेहरा मध्यभागी आला की दोन ठिकाणी दिसतो. मोठ्या पन्ह्याचं पांढरं जाड कापड मंडळाने आणून दिलं तर मी तो विनाशिवणीचा नव्याने करून देते. चारी बाजूंना रुंद पट्टी घालून, वर दांडा सरकवायला जागा ठेवून. शिलाई नको. कापड पाण्यातून काढून मगच द्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात आटेल.

कळावे,
आपली नम्र,
मंडळाची पहिल्या वर्षापासूनची एक सभासद